तात्यांच्या वरणभातावरचा चिवडा

माझ्या नजरेतून गळती सुटत नाही. ही बढाई नव्हे, हे माझं नोकरीतलं काम आहे. बडोद्याबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं गुणवत्ता तपासणी विभागात आहे. समोर आलेल्या प्रत्येक पिंपावर संशय घ्यायचा आणि ते निर्दोष ठरेपर्यंत घेत राहायचा, याचा मला पगार मिळतो. एखादं पिंप खरोखरच निर्दोष निघालं की मला जरा वाईट वाटतं. त्यामुळे माझ्याच घरातून माहिती गळते आहे आणि ती थेट टीव्हीवर जाऊन पडते आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. म्हटलं, पंधरा दिवसांत भोक सापडेल.

हे मी नोव्हेंबरात म्हटलं होतं.

मुळापासून सांगतो. संध्याकाळी साडेसातला 'बारा खोल्या' नावाची एक मालिका लागते. साताऱ्यातलं एक घर, बारा खोल्या, चौदा माणसं आणि एकच न्हाणीघर. चौदांपैकी नायक कोण हे चारशे भाग झाले तरी ठरलेलं नाही, म्हणून ती आम्हाला आवडते. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं नऊ आहेत. नऊ घरांनी मिळून या मालिकेचं रसिक मंडळ काढलं आहे.

काढलं म्हणजे भास्कररावांनी काढलं. भास्कररावांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. त्यामुळे भास्कररावांना कुठलीच गोष्ट नुसती करता येत नाही. ती आधी मांडावी लागते, मग तिच्यावर दोन पक्ष, मग निवाडा, मग इतिवृत्त. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या दिवाणखान्यात मालिकेतल्या एका पात्राचे गुणदोष काढले जातात. पितळी वाटीतून प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची. 'गुण' आला तर त्या पात्राचे गुण सांगायचे, 'दोष' आला तर दोष. तुमचं खरं मत काय आहे, हे कोणी विचारत नाही.

"मत काय, सगळ्यांनाच असतं," भास्करराव म्हणतात. "बाजू मांडता आली पाहिजे."

याच नियमामुळे गेल्या दिवाळीत मालिकेतल्या कजाग आत्याचे गुण सांगायची पाळी माझ्या बायकोवर, मैथिलीवर आली. तिने ते इतके पटवून दिले की सोसायटीतल्या दोन घरांत सासू-सुनेचं बोलणं आठवडाभर बंद होतं.

प्रत्येकाला चार मिनिटं. वेळ पाहायला श्रीपतराव. ते रेल्वेत गार्ड होते. साडेतीन मिनिटं झाली की ते हिरवा झेंडा गुंडाळतात आणि चौथ्या मिनिटाला लाल उघडतात. इतिवृत्त लिहायला मिताली. ती विज्ञानाचे क्लासेस घेते आणि मालिकेचा प्रत्येक भाग तिला क्रमांकासकट पाठ आहे.

आता तात्या. या चौदा माणसांत तात्या खरशीकर नावाचा मधला भाऊ आहे. वय माझ्याएवढं. कथानकात त्याला काम नाही. कुठल्याशा खोलीत कोणीतरी रडत असतं, तात्या आत येतो, दिव्याचं बटण बंद करतो, "दिवसा दिवा कशाला," म्हणतो आणि निघून जातो. तो खोलीत आला की बाकीचे आपापली ताटं उचलून शेजारच्या खोलीत जातात. त्या घराला बारा खोल्या का आहेत, ते तात्यामुळे कळतं.

भाग तीनशे सत्त्याऐंशी. तात्या जेवायला बसला. पानात वरणभात. त्याने शेजारचा डबा उघडला आणि वरणभातावर मूठभर लीलो चिवडा घातला.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, लीलो चिवडा म्हणजे बटाटा आणि चणाडाळीचा, गोडसर, किंचित ओलसर असा आमच्या गावचा चिवडा. मी तो मांडवीतल्या एका ठरलेल्या दुकानातून आणतो. साताऱ्यातल्या माणसाच्या वरणभातावर तो असणं म्हणजे साताऱ्याला समुद्र असण्यासारखं आहे. बडोद्यातही वरणभातावर तो घालून खाणारा मला एकच माणूस ठाऊक होता. तो हे लिहितो आहे.

मी मैथिलीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे पाहत होती. जरा जास्तच पाहत होती.

"पाहिलंस?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

भाग तीनशे एक्क्याण्णवला तात्याने घराचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं, फाटकापर्यंत गेला आणि चौथ्यांदा ओढायला परत आला. मी असंच करतो. तीनशे शहाण्णवला त्याने लोणच्याच्या बरणीवर पांढरी पट्टी चिकटवून तीवर 'उघडली' असं लिहून तारीख घातली. आमच्या फ्रिजमध्ये अशा बावीस पट्ट्या आहेत. चौथ्या खुणेची मी वाट पाहिली नाही. आमच्या विभागात तीन नमुने सदोष निघाले की आख्खी गाडी परत पाठवतात.

कोणीतरी माझी माहिती मालिकेच्या लेखकाला पुरवत होतं. कोजागरीला भास्करराव आणि श्रीपतराव आमच्याकडे जेवले होते. चिवडा, पट्ट्या, कुलूप, सगळं त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे संशयित तीन. ते दोघे, आणि मैथिली.

त्या दोघांपैकी कोणी असतं तर मी भांडलो असतो आणि विषय संपला असता. पण मैथिली असली तर? सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर माझी बायको मला तात्या समजते का, एवढंच मला कळायला हवं होतं. सरळ विचारण्याचा एक मार्ग होता. पण तेवढा धीर असता तर मी आयुष्यभर पिंपांच्या नादी लागलो नसतो.

कारखान्यात चार नळ्यांपैकी गळती कुठल्या नळीला आहे हे कळत नसलं की आम्ही प्रत्येकीत वेगळा रंग सोडतो. खाली जो रंग टपकतो, ती नळी. मी ठरवलं, तिघांना माझी एकेक खोटी सवय दाखवायची. तात्या पडद्यावर जी करील, तिच्यावरून हेर सापडेल.

पहिला रंग भास्कररावांना. ते खंडेराव मार्केटात सुरण निवडत होते.

"भास्करराव, मी हल्ली चहात मीठ घालतो."

"साखरेऐवजी?"

"साखरेसकट."

त्यांनी सुरण खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

ही तयारी मी केली नव्हती. "वैद्यांनी."

"कोणत्या?"

"अहमदाबादच्या."

भास्कररावांनी खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. मी मनात त्यांच्या नावापुढे एक खूण केली.

दुसरा रंग श्रीपतरावांना. "मी रोज सकाळी शंभर पावलं उलटा चालतो," मी म्हटलं.

"उलटा एटले काय?"

"पाठीमागे."

"गुडघ्यांसाठी?" कारण त्यांनीच पुरवलं. मी मान डोलावली. त्यांनी स्वतःचा गुडघा चोळला. "माधवभाई, गार्डचा डबा शेवटचा. छत्तीस वर्षं मी मागे बघतच प्रवास केला. गुडघे तरी गेलेच ने."

"ते बसून."

"हां, ते बराबर. पायी नव्हता केला."

तिसरा रंग घरात. मैथिलीला सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. मी फ्रिज उघडण्याआधी त्याच्या दारावर दोनदा टकटक करू लागलो.

मालिकेचं चित्रण महिना-दीड महिना आधी होतं, असं मिताली म्हणाली होती. म्हणजे तेवढे दिवस तिन्ही सवयी चालू ठेवणं भाग होतं. मी चारचौघांत खारट चहा प्यायलो. सकाळी साडेसहाला सोसायटीच्या आवारात पाठमोरा चाललो. आणि फ्रिजवर टकटक केली, दिवसातून किमान आठ वेळा.

जानेवारी अर्धा सरला तरी तात्याने यातलं एकही केलं नाही. रंग खाली टपकत होते, पण भलतीकडेच. आधी श्रीपतराव उलटे चालू लागले. मग त्यांच्या मजल्यावरचे दोघे. मग समोरच्या इमारतीतली गुजराती मंडळी, कारण श्रीपतरावांनी लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं की माधवभाईंचे गुडघे बघा. माझे गुडघे आधीपासूनच चांगले होते, पण ते कोणी आधी बघितले नव्हते. संक्रांतीपर्यंत आवारात सकाळी अकरा माणसं उलटी चालत होती. एके दिवशी श्रीपतराव आणि सोसायटीचे सेक्रेटरी एकमेकांच्या पाठीवर आपटले. दोघांनी वळून न बघता 'सॉरी' म्हटलं आणि पुन्हा आपापल्या दिशेने मागे गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, की उलट्या चालणाऱ्यांनी स्कूटर उभ्या असतात त्या बाजूने जाऊ नये.

भास्कररावांकडे गेलेल्या प्रत्येकाला खारट चहा मिळू लागला. "अहमदाबादचे वैद्य आहेत," ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे नाव विचारत. भास्करराव म्हणत, "माधवरावांना विचारा." जानेवारीत मला त्या वैद्यांचा पत्ता मागणारे सहा फोन आले. मी वैद्यांना परदेशी पाठवून दिलं.

आणि मैथिली? तिने काही विचारलंच नाही. नवरा फ्रिजवर टकटक करतो आणि बायको पाच आठवडे एका शब्दाने विचारत नाही, याचे दोनच अर्थ निघतात. एक, तीच हेर आहे. दोन, माझ्याकडून तिची हीच अपेक्षा होती. यातला कुठला बरा, हे मला ठरवता येईना.

सहाव्या आठवड्यात ती कणीक मळता मळता म्हणाली, "आतून कोणी उत्तर दिलं तर सांगा."

बस, एवढंच.

अशात फेब्रुवारीचा पहिला रविवार आला. मंडळापुढे पात्र होतं तात्या खरशीकर.

मी रात्रभर देवाकडे एकच मागितलं होतं, की चिठ्ठी गुणाची निघू दे. तात्याची बाजू माझ्याइतकी कोण मांडणार? मी वाटीत हात घातला. 'दोष'. माझ्यानंतर मैथिलीने चिठ्ठी उचलली, घडी उलगडली आणि सगळ्यांना दाखवली. 'गुण'.

म्हणजे मी उभा राहून माझ्यावर आरोप करायचे आणि माझ्या बायकोने माझा बचाव करायचा. संशयिताला असा उघड्यावर पकडायची संधी पुन्हा येणार नव्हती. ती काय बोलते, त्यावरून सगळं कळणार होतं.

पहिला दोषपक्ष, म्हणून आधी मी. उभा राहिलो.

"तात्यांचा पहिला दोष असा, की ते फार दक्ष आहेत," मी म्हटलं. "दुसरा दोष, विजेचा अपव्यय त्यांना बघवत नाही. तिसरा, घरात शिळं कोणाला खाऊ देत नाहीत."

मितालीने लॅपटॉपवर टंकणं थांबवलं. "काका, हे दोषात लिहू?"

"दोषच आहेत. अति आहेत ना."

भास्कररावांनी घंटी वाजवली. "दोषपक्षाने दोष सांगावेत. लोणी लावू नये."

"मला एवढेच सापडले," म्हणून मी खाली बसलो. हिरवा झेंडा गुंडाळण्याचीसुद्धा वेळ आली नव्हती.

माझ्या पक्षात दुसऱ्या होत्या विमलमावशी. वय त्र्याहत्तर, आवाज वीस वर्षांनी लहान. माझी उणीव त्यांनी पहिल्या वाक्यात भरून काढली.

"हा माणूस बाहेर गेला की ते घर श्वास घेतं," त्या म्हणाल्या. "दिवा कोणासाठी बंद करतो? विजेसाठी? काही नाही. आपण आलो हे कोणाला कळत नाही, म्हणून अंधार करतो. तारखांच्या पट्ट्या लावतो. कोणावर विश्वास नाही, म्हणून. स्वतःच्या बायकोच्या नाकावर नाही विश्वास, की तिला वास घेऊन कळेल. आणि तो चिवडा. भर पंगतीत वरणभातावर चिवडा घालायचा म्हणजे काय? बायकोच्या वरणाला चव नाही, असं चौदा जणांना न बोलता सांगायचं."

मी मैथिलीच्या वरणाचा असा विचार कधी केला नव्हता. मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता. तरी प्यायलो.

लाल झेंडा उघडेपर्यंत विमलमावशींनी अकरा दोष काढले. मिताली मोजत होती. मग भास्कररावांनी गुणपक्षाला पुकारलं आणि मैथिली उभी राहिली.

तिने पदर सावरला. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. श्रीपतरावांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. माझ्या बायकोला माझा एकही गुण आठवत नाही.

"त्या घरातले सगळे हसतात, तात्या कुलूप तीनदा ओढतात म्हणून," ती म्हणाली. "पण गावाला गेल्यावर त्या घरातल्या एकाच्या तरी तोंडी आलंय का, की अरे, कुलूप लावलं का? तेरा माणसं निवांत असतात, कारण चौदावा नसतो."

दिवाणखान्यात कोणीतरी "वाह" म्हणालं.

"आणि पट्ट्यांचं विमलमावशी म्हणाल्या ते खरं, की अविश्वास आहे. पण तो सुरू कधी झाला? त्यांच्या बायकोला शिळं श्रीखंड बाधलं आणि ती तीन दिवस दवाखान्यात होती, तेव्हा. तात्या ते तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते. परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर बाजारात जाऊन पांढऱ्या पट्टीचं भेंडोळं आणलं. त्या दिवसापासून ..."

"हरकत," मी म्हणालो. कसा कोण जाणे, पण मी उभा होतो. "हा प्रसंग एकाही भागात नाही."

भास्करराव मितालीकडे वळले. मितालीने कपाळाला आठ्या घातल्या. "नाहीये. श्रीखंड फक्त दोनशे चौदामध्ये आहे, आणि ते साखरपुड्याचं."

"नसणारच," मी म्हटलं. "कारण हे आमच्या घरी झालं. दोन हजार अकरा साली. बाकावर मी होतो. आता तरी कबूल कर मैथिली, आपल्या घरातलं सगळं या मालिकेत कोण पोचवतं? तात्या म्हणजे मी आहे."

भास्कररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"माधवराव," ते म्हणाले, "तात्या तुम्ही कसे असाल? तात्या मी आहे."

"जवा दो ने, सोडा दोघं पण," श्रीपतराव म्हणाले. त्यांच्या हातात लाल झेंडा उघडाच होता. "तात्या मी आहे. छत्तीस वर्षं डब्याचं दार तीनदा ओढलंय मी. घरी आल्यावर सवय जाते काय?"

"कुलूप कोणीही ओढतं," भास्करराव म्हणाले. "वरणभातावर चिवडा मी एकोणीसशे ब्याऐंशीपासून घालतो. दार लावून."

"दार लावून घालता, मग लेखकाला कळलं कसं?" श्रीपतरावांनी विचारलं.

"तेच तर. कोजागरीला माधवरावांनी माझ्यासमोर तो घालून खाल्ला. मी म्हटलं, यांना माझं गुपित कुठून कळलं? तेव्हापासून माझा यांच्यावर डोळा आहे. वहीत सगळ्या नोंदी आहेत." आणि त्यांनी खरोखरच वही काढली. "तीन डिसेंबर. सांगतात, चहात मीठ घालतो. हेतू संशयास्पद."

"मग प्यायलात कशाला?" मी विचारलं.

"तुम्हाला संशय येऊ नये म्हणून."

म्हणजे हा गृहस्थ दोन महिने माझ्यावर पाळत ठेवायला खारट चहा पीत होता, आणि मी त्याच्यावर पाळत ठेवायला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी नळ्यांची, रंगांची सगळी हकिकत सांगून टाकली. वैद्य अस्तित्वात नाहीत हे ऐकून भास्कररावांनी डोळे मिटले. श्रीपतराव मात्र शांतपणे उठले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "माधवभाई, मी अकरा माणसं उलटी चालवली. त्यांना मी सकाळी कुठल्या तोंडाने सांगू, की आता सरळ चाला?"

मी माझी खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

यानंतरचं इतिवृत्त मितालीने लिहिलं नाही, कारण तिघे एकदम बोलत होते. गंमत अशी, की अर्ध्या तासापूर्वी ज्याला विमलमावशींनी अकरा दोषांनी झोडपलं होतं, तो माणूस आपणच आहोत हे सिद्ध करायला आम्ही तिघे घसा ताणत होतो. भास्कररावांनी आतून स्वतःच्या लेबलं लावलेल्या औषधांच्या बाटल्या आणून टेबलावर मांडल्या. श्रीपतरावांनी सांगितलं की ते देवघरातलं निरांजनसुद्धा, "दिवसा कशाला," म्हणून विझवायचे आणि आई रागावून जेवत नसे. दुसऱ्याची बाजू वरचढ होते असं दिसलं की तिसरा नवीन दोष कबूल करत होता.

"आमचे हेही घालायचे," विमलमावशी मध्येच म्हणाल्या.

"काय?"

"चिवडा. वरणभातावर. जाऊन आठ वर्षं झाली." त्यांनी टेबलावरची एक बाटली सरळ केली. "म्हणून तर बोलले."

तेव्हा मितालीने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. "काका, मी एक विचारू? तिघांनाही. तुम्ही मालिकेच्या शेवटची पाटी वाचता का?"

कोणीच वाचत नव्हतं. मी तर पाटी यायच्या आधी गॅस बंद आहे का ते बघायला उठतो.

"त्या महिन्यात मालिकेला बडोद्याचे एक फरसाणवाले प्रायोजक होते," मिताली म्हणाली. "त्यांचा डबा प्रत्येक भागात दाखवायचा होता. तात्यांनी चिवडा वरणभातावर घातला. थोरल्या सुनेने खिरीवर घातला. तीनशे नव्वदमध्ये बाळाचं बारसं आहे, तिथे तो पाळण्यात आहे. हे बघा."

आम्ही पाहिलं. बाळाच्या पायाशी डबा होता.

आमच्यापैकी तात्या कोणीच नव्हता. त्याला कोणीतरी कुठेतरी बसून लिहिलं होतं आणि फरसाणवाल्यांनी त्याच्या पानात चिवडा टाकला होता. ही सुटकेची बातमी होती. तरी भास्करराव आपल्या बाटल्या एकेक करून आत नेऊ लागले तेव्हा त्यांचे खांदे उतरलेले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही उतरलेच होते. शेवटी त्यांनी बसल्या जागी निवाडा दिला. गुण दोन, दोष अकरा. पात्र घरात असू द्यावं, पण त्याला वेगळी खोली द्यावी.

जिना उतरताना मात्र माझं मन हलकं झालं. हेर नव्हता. मैथिलीने काहीच केलं नव्हतं. उलट चार लोकांत ती बाकावरचे तीन दिवस सांगून गेली होती.

"ते श्रीखंडाचं," मी म्हटलं, "ते मनापासून बोललीस ना?"

"चिठ्ठी गुणाची होती," ती म्हणाली.

एक मजला उतरलो.

"तरी पण बरं झालं. मी उगाच तुझ्यावर संशय घेत होतो, की तूच त्या लोकांना लिहितेस."

"लिहिलं होतं ना."

मी कठडा धरला. "कधी?"

"ऑगस्टमध्ये. त्यांनी प्रेक्षकांकडून घरातली खरी माणसं मागवली होती, नवीन पात्रासाठी. मी तुमचे सात प्रसंग पाठवले. चिवडाबिवडा नाही, चांगले निवडून."

"मग?"

तिने पर्समधून मोबाइल काढला, उत्तर शोधलं आणि माझ्या हातात दिलं. मालिकेच्या लेखन विभागाने लिहिलं होतं:

'प्रसंग आवडीने वाचले. मात्र पात्र अतिरंजित वाटते. प्रत्यक्षात असा मनुष्य असेल, हे प्रेक्षकांना पटणार नाही. शिवाय पत्नी सत्तावीस वर्षे त्याच्याबरोबर का राहिली, याचे कारण कथेत दिसत नाही. ते कळवल्यास पुन्हा विचार करू.'

मी ते दोनदा वाचलं. सातही प्रसंग खरे असणार याबद्दल मला शंका नव्हती. शंका होती ती शेवटच्या दोन ओळींबद्दल.

"मग तू काय कारण कळवलंस?" मी विचारलं.

"विचार करतेय," ती म्हणाली, आणि मोबाइल घेऊन खाली उतरली.

ऑगस्टातलं पत्र आहे. हे लिहितो आहे तेव्हा मार्च संपत आला आहे. सावकाश लिही, घाई नाही, असं मीच तिला सांगून ठेवलं आहे.